अल खर्ज ते मालवण: पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा आढावा

अल खर्जला समुद्र नाही. रियाधच्या आग्नेयेला ऐंशीएक किलोमीटरवरचं हे शहर ओळखलं जातं ते शेती, खजूर आणि दुधासाठी. अल सफी आणि अलमराई यांचे हजारो गायींचे गोठे याच परिसरात आहेत. इथून पूर्वेचा आखाती किनारा मोटारीने सुमारे चारशे किलोमीटर, तर पश्चिमेचा लाल समुद्र त्याच्या दुपटीहून दूर. तरी सौदीत नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्कूबा डायव्हिंगचं वेड लागायला आता फारसं काही आड येत नाही. जेद्दाचं विमान दोन तासांच्या आत पोचतं. सप्टेंबर 2019 पासून सौदीने पर्यटक व्हिसा सुरू केला आणि किनाऱ्यावर पर्यटनाची सोय झपाट्याने वाढली. पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा तर घरोघरी आला आहे. वार्षिक सुटीत गावी आलं की मालवण-तारकर्लीची बोटही ठरलेली असते.

म्हणून हा आढावा अल खर्जमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला समोर धरून घेतो आहे. त्याने डायव्हिंग शिकावं कुठे, बोट धरावी कुठे, कॅमेरा कशावर रोखावा आणि काढलेल्या फोटोंचं पुढे काय करावं? माझं मत आधीच सांगतो: शिकावं लाल समुद्रात आणि कॅमेरा मनापासून चालवावा कोकणात. कारण लाल समुद्राचे फोटो जगाकडे भरपूर आहेत, आपल्या किनाऱ्याचे नाहीत.

सुरुवात अल खर्जच्या सगळ्यात जवळच्या पाण्यापासून. रियाधहून अल खर्जकडे येताना वाटेत एका कड्याच्या पायथ्याशी दहल हित नावाचं विवर आहे. स्थानिक लोक त्याला ऐन हित म्हणतात. भल्यामोठ्या तोंडातून, सुट्या धोंड्यांवरून जपून उतरत खाली गेलं की अंधारात निळसर, काचेसारखं स्वच्छ पाणी लागतं. डायव्हर तिथे सिलिंडर पाठीला बांधून उतरलेले आहेत. त्या पाण्यात प्रवाळ नाहीत, रंगीत मासे नाहीत. पण ज्या खडकात हे विवर आहे तो खडकच समुद्राने मागे ठेवलेला आहे. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळाच्या अखेरीस, इथे उथळ आणि अतिखारट समुद्र होता. तो आटत गेला आणि तळाशी अॅनहायड्राइट या खनिजाचे थर साचले. अरबस्तानातल्या तेलाच्या सगळ्यात समृद्ध थरावर घट्ट झाकण बसवलं ते याच खडकाने. भूगर्भशास्त्रात या थराला हित हेच नाव आहे, आणि 1930 च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ मॅक्स स्टायनेकी आणि त्यांचे सहकारी तेलाचा माग काढत फिरत होते तेव्हा जमिनीवर उघडा पडलेला हा थर त्यांना फार मोलाचा ठरला.

अल खर्जमध्ये अशी आणखी पाण्याची विवरं होती. ऐन अल-दिलअ, ऐन समहा. राजे अब्दुलअझीझ यांच्या काळात त्यांवर पंप बसवून शेती उभी राहिली. पुढे उपसा एवढा वाढला की ती कोरडी पडली. पाणी डोळ्यांदेखत जाऊ शकतं हे अल खर्जच्या रहिवाशाला वेगळं शिकवावं लागत नाही. दहल हितमध्ये मात्र नवशिक्याने उतरू नये. डोक्यावर छत असलेल्या पाण्यात संकट आलं तर सरळ वर येता येत नाही. गुहेतल्या डायव्हिंगचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते घेतल्याशिवाय तिथला फोटो काढायची हौस जिवावर बेतते.

आखाताबद्दल थोडक्यात. खोबर किंवा जुबैल हा अल खर्जला सगळ्यात जवळचा समुद्र. तो उथळ आहे, सरासरी खोली पस्तीसेक मीटर. उन्हाळ्यात पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं तापतं आणि हिवाळ्यात हुडहुडी भरवतं. एवढे चढउतार सोसून जुबैलसमोरच्या करान, जना या बेटांभोवती प्रवाळ टिकले आहेत. तिथल्या वाळूत हिरवी कासवं अंडी घालतात. 1991 च्या युद्धात याच किनाऱ्यावर तेलाचे तवंग येऊन आदळले होते. अभ्यासकाला आखात बरंच काही देईल. शिकाऊ छायाचित्रकाराला, पाणी गढूळ असल्यामुळे, कमी.

लाल समुद्राचं पाणी एवढं स्वच्छ का, याचं उत्तर साधं आहे. त्याला बारमाही नदी मिळत नाही, त्यामुळे गाळ येत नाही. पाऊस नगण्य, बाष्पीभवन प्रचंड, म्हणून खारटपणा जास्त. दर किलो पाण्यात सुमारे 40 ग्रॅम क्षार. वीस-पंचवीस मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसणं तिथे नवलाचं नाही. माशांच्या सुमारे 1,200 जातींपैकी साधारण सातांतली एक जगात दुसरीकडे सापडत नाही. डोळ्यामागे निळसर डाग असलेला पिवळाधमक बटरफ्लायफिश ही फक्त याच समुद्रात आणि लगतच्या एडनच्या आखातात सापडणारी जात. जोडीजोडीने एखाद्या टेबलासारख्या प्रवाळाखाली स्थिर उभा राहतो, त्यामुळे नवख्या छायाचित्रकारालाही तो संधी देतो. 1940 आणि 50 च्या दशकांत हान्स हास आणि जाक कूस्तो यांनी याच समुद्रात कॅमेरे उतरवले आणि जगाला पाण्याखालचं आयुष्य दाखवलं. आज जेद्दाच्या उत्तरेला थुवल इथे 2009 मध्ये सुरू झालेलं किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ या प्रवाळांचा सातत्याने अभ्यास करतं. म्हणजे फोटोही आहेत आणि त्यांना नाव देणारे तज्ज्ञही.

शिकायला ही जागा उत्तम, याचं कारण पाणी. प्रशिक्षक काय करतो आहे ते दहा मीटरवरूनही दिसतं, आणि घाबरण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं. पहिला प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला की 18 मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं. बोटीवर जाताना इकामा, म्हणजे निवासी परवाना, जवळ ठेवा. बोट निघण्याआधी किनारा सुरक्षेच्या लोकांना प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. आणि एक गोष्ट जेद्दाला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्ह केले असतील तर किमान 18 तास विमान टाळायचं. विमानाचं लोकांना ठाऊक असतं, रस्त्याचं नसतं. जेद्दाहून मोटारीने परतताना ताइफचा घाट लागतो आणि ते शहर 1,800 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. शुक्रवारी दिवसभर डायव्हिंग करून शनिवारी पहाटे घाट चढणं हे विमानात बसण्याइतकंच धोक्याचं. कोकणातही हाच नियम लागू. तारकर्लीत दोन-तीन डायव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी निघालात तर तुम्ही सुमारे 690 मीटरवर चढता.

आता कॅमेऱ्याकडे. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने 1893 मध्ये भूमध्य समुद्रात बुडी मारून फोटो काढले, ही या कलेची सुरुवात मानतात. रंगीत फोटोला 1926 उजाडावं लागलं; फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन या जोडीने पाण्यावरच्या तराफ्यात मॅग्नेशियमची पूड पेटवून तेवढा उजेड केला होता. 1960 मध्ये कूस्तोंच्या मंडळींनी हातात मावणारा जलरोधक कॅमेरा आणला, पुढे निकॉनने तो निकोनॉस या नावाने जगभर पोचवला.

उजेडासाठी एवढा आटापिटा का, ते पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याला लगेच कळतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच मीटरवर लाल मासा तपकिरी दिसायला लागतो, आणखी खाली सगळंच निळं किंवा हिरवट. त्यामुळे रंग हवे असतील तर उजेड बरोबर न्यावा लागतो. तो कॅमेऱ्याला चिकटून ठेवला तर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोवर पांढरे ठिपके पसरतात. म्हणून दिवा बाजूला, हातभर लांब धरायचा. लाल समुद्राच्या निळ्या पाण्यात चालणारा लाल फिल्टर कोकणच्या हिरव्या पाण्यात उपयोगी पडत नाही, तिथे गुलाबी-जांभळट फिल्टर लागतो. आणि सगळ्यांत मोठा नियम अंतराचा. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जेवढं पाणी जास्त, तेवढा फोटो वाईट. झूम करून भागत नाही, जवळच जावं लागतं, तेही माशाला न पिटाळता. म्हणजे आधी पाण्यात स्थिर तरंगता आलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही तो हात टेकतो, गुडघा टेकतो, आणि टेकतो ते नेमकं प्रवाळावर. स्थिर तरंगायला शिकण्याआधी कॅमेरा हातात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

मालवणचं पाणी लाल समुद्रासारखं नाही, आणि ते तसं असावं अशी अपेक्षा करू नये. कर्ली, गड या नद्या आणि पावसाळा किनाऱ्यावर गाळ आणि पोषण दोन्ही आणतात. सूक्ष्म वनस्पती वाढतात, पाणी हिरवट होतं, दिसणं कमी होतं. पण त्याच पाण्यावर बांगडा-तारलीपासून मोरी-वागळीपर्यंतचं सगळं जगतं. कोकणातल्या माणसाच्या ताटातली मासळी या गढूळपणातूनच येते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात निवळ. पावसाळ्यात समुद्री पर्यटन बंद असतं आणि ते बंदच असायला हवं.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक हा या भागाचा गाभा. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याच्या सभोवार पाण्याखाली जे पसरलेलं आहे त्याला सरकारी संरक्षण मिळालं 1987 मध्ये. मालवण सागरी अभयारण्य 29.12 चौरस किलोमीटरचं आहे, त्यातला 3.18 चौरस किलोमीटर गाभा, ज्यात पद्मगड येतो. मच्छीमारांचा या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं पोटाचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर जगलो तिथे आता कुणाला विचारून जाळं टाकायचं? या प्रश्नाला नीट उत्तर न देता रेषा आखल्या गेल्या, म्हणून त्या बराच काळ कागदावर राहिल्या.

पुढे चित्र बदललं ते पर्यटनामुळे. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2010 नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सागरी जैवविविधता प्रकल्पाने स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण दिलं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव तिच्याशी आणि मालवणातल्या प्रवाळ पुनर्रोपणाच्या प्रयोगांशी जोडलेलं आहे. कालपर्यंत रापण ओढणाऱ्या घरातला मुलगा आज पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पाण्याखाली नेतो, त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो. ही मोठी गोष्ट आहे. या लेखात पुढे जी टीका आहे, ती हे मान्य करूनच.

मालवणच्या बहुतेक बोटींवर जे चालतं ती खरं तर स्कूबाची चव असते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक पाठीमागून धरून काही मीटर खाली नेतो. खाली एकजण कॅमेरा घेऊन थांबलेला असतो. पाहुणा पोचला की ब्रेड सोडला जातो. क्षणात पिवळसर पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे चेहऱ्याभोवती गर्दी करतात. पाहुणा अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण करतो, फोटो निघतो, दुसऱ्याचा नंबर लागतो. घरी नेलेल्या व्हिडिओत दर वेळी हेच मासे का, याचं उत्तर हे. ते बाकीच्यांना बाजूला सारून ब्रेडवर तुटून पडणारे मासे आहेत. जिथे रोज खाऊ घातलं जातं तिथे तेच वाढतात आणि सगळ्या जागेचा तोल बिघडतो.

त्याच वेळी फोटोच्या चौकटीबाहेर, पाहुण्याच्या पायाच्या पंख्यापासून दोन हातांवर, काय असतं ते पाहा. खडकाच्या फटीतून डोकं काढून बसलेली वाम. ती तोंड उघडते आणि मिटते. लोकांना वाटतं धमकावते आहे, ती श्वास घेत असते. समुद्रफुलाच्या भुजांमध्ये अंग चोरून राहणारी पारदर्शक कोळंबी, जिचे फक्त पांढरे ठिपके दिसतात. वाळूवर डोळे तेवढे वर ठेवून निजलेली वागळी. फुगवून दाखवण्यासाठी माणसं ज्याला हैराण करतात तो केंड. तो फुगतो भीतीपोटी, आणि दर वेळी त्यात त्याची ताकद जाते. आणि या सगळ्यांना घर देणारा पोरायटीस प्रवाळ, जो वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. डोक्याएवढा गोळा व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. नांगराच्या एका फटक्यात तो फुटतो.

हे अंदाजाने लिहीत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये मालवण अभयारण्यातल्या हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बेजबाबदारपणा हे मूळ कारण त्यांनी शीर्षकातच मांडलं आहे. पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनाही याच जागी नोंदल्या गेल्या आहेत. एप्रिल 2024 मध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. तापमानापुढे मालवणचा बोटवाला हतबल आहे, पण नांगर त्याच्या हातात आहे. कायदाही आहे: कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे प्रवाळाचा तुकडा तोडणं हा वाघ-बिबट्याच्या यादीतला गुन्हा. उणीव आहे ती कायमस्वरूपी बोयांची, ज्यांना बोट बांधली की नांगर टाकावाच लागत नाही. जिथे पर्यटकांच्या बोटी रोज उभ्या राहतात त्या प्रत्येक जागी असा बोया बसवणं हे प्रशासनाचं पहिलं काम आहे.

सुरक्षिततेचंही तसंच. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली काळजी घेतली जाते आणि येण्याजाण्याच्या बोटीकडे दुर्लक्ष होतं, हे त्या दिवशी दिसलं. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोटीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेलं नव्हे. मे अखेरीस वारा फिरला की पैसे गेले तरी चालतील, पण किनाऱ्यावर थांबावं.

मालवणपलीकडे कोकणात आणि शेजारी पाहण्यासारखं आणखी आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची वसाहत आणि बेटांभोवती डायव्हिंग. गोव्याचं ग्रँड बेट, मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव धारण करणारा आंग्रिया बँक: सुमारे 40 किलोमीटर लांबीचं बुडालेलं पठार, ज्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तिथलं पाणी निळं. तिथे मोहिमा गेल्या आहेत, पण सहलीच्या बोटींनी तिकडे जाऊ नये असं मला वाटतं. निवतीजवळ नौदलाचं निवृत्त जहाज आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. 1985 ते जानेवारी 2024 सेवेत असलेलं हे जहाज डायव्हरांची गर्दी जिवंत खडकांवरून आपल्याकडे ओढू शकेल, तर ती योजना स्वागतार्ह आहे. नुसती आणखी एक गर्दी वाढवणार असेल तर नाही.

फोटोंच्या उपयोगाचं उत्तर मुंबईने दिलं आहे. 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या नागरिकांच्या उपक्रमात प्रदीप पाताडे आणि त्यांचे सोबती ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर लोकांना घेऊन जातात. ज्या पाण्याला सगळे नाला म्हणून मोकळे झाले होते तिथे त्यांनी प्रवाळ, सागरी गोगलगायी, ऑक्टोपस टिपले आणि आयनॅचरलिस्ट या खुल्या नोंदवहीत जागा-तारखेसह चढवले. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ 2020 मध्ये दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा इथे काही जिवंतच नाही असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. यासाठी महागडी सामग्री लागली नाही, सिलिंडरही लागला नाही.

मालवणात दर मोसमात एवढे कॅमेरे पाण्याखाली जातात, पण त्यांतले बहुतेक पाहुण्याच्या चेहऱ्यावर रोखलेले असतात. त्यांतला थोडा वाटा जरी खडकाकडे वळला, तरी कुठला प्रवाळ कुठल्या वर्षी पांढरा पडला, पुढच्या वर्षी सावरला की नाही, कुठले मासे दिसेनासे झाले, याची नोंद आपोआप तयार होईल. अल खर्जहून येणारा माणूस दरवर्षी साधारण त्याच सुटीत, त्याच गावी येतो. त्याच खडकाचा, त्याच बाजूने, दरवर्षी एक फोटो काढणं त्याच्याइतकं सोपं कुणालाच नाही. लाल समुद्रात कमावलेलं कसब इथे लागू पडतं. एक मात्र खरं: चार मीटरपुढे दिसत नसलेल्या पाण्यात विस्तीर्ण देखावे मिळणार नाहीत. लहान जीव, जवळून, दिवा बाजूला धरून. कोकणचं पाणी या फोटोंसाठीच आहे.

तर यंदा मालवणला बोट ठरवताना दराची घासाघीस करण्याआधी वाटाड्याला दोन गोष्टी विचारा: नांगर कुठे टाकणार आणि खाली ब्रेड नेणार का. ब्रेड नको म्हणून स्पष्ट सांगा, चार पाहुण्यांनी सांगितलं की पाचव्या फेरीला तो आपणच सोडून देईल. तुमचा फोटो एक काढून घ्या, उरलेला वेळ खडकाला द्या, आणि परत गेल्यावर ते फोटो फोनमध्ये पडू देऊ नका. जागा, खोली आणि तारीख लिहून नोंदवहीत चढवा.